बॅरिस्टर नाथ पैंच्या किनाऱ्यावर



वकिलांच्या या परिषदेसाठी आपण मालवणात जमलो आहोत. सिंधुदुर्ग किल्ला उद्या सकाळी दाखवूच. आज मात्र आपल्याच व्यवसायातल्या, याच किनाऱ्यावरच्या एका माणसाचे स्मरण करू द्या.

२५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्यात जन्मलेले नाथ पै बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगात गेले, पुढे लंडनला लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले. नावलौकिकाची वकिली त्यांना सहज करता आली असती. त्यांनी राजापूर मतदारसंघातल्या माणसांचे वकीलपत्र घेतले. १९५७, १९६२, १९६७ अशी तिन्ही वेळा या माणसांनी त्यांना लोकसभेत पाठवले.

त्यांच्या वक्तृत्वाबद्दल पुष्कळ बोलले जाते. मला त्यांच्यातला कायदेपंडित अधिक मोठा वाटतो. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांचा संकोच करण्याचा अधिकार संसदेला नाकारला. घटनादुरुस्तीचा तो अधिकार संसदेचाच आहे, हे ठामपणे मांडणारे खाजगी विधेयक नाथांनी आणले. विरोधी बाकांवर बसून त्यांनी सत्ताधाऱ्यांचे नव्हे, लोकांनी निवडलेल्या सभागृहाचे अधिकार राखायला घेतले होते. ते विधेयक मंजूर झाले नाही, पण १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तीच भूमिका स्वीकारली. १९७३ मध्ये केशवानंद भारती निकालाने हा अधिकार मान्य करून त्याला मूलभूत चौकटीची मर्यादा घातली. ती मर्यादा हवीच होती, असे माझे मत आहे. तरीही तो वाद इतक्या उंचीवर नेण्यात वेंगुर्ल्याच्या या सुपुत्राचा वाटा मोठा होता, हे आपण वकिलांनी विसरू नये.

कोकण रेल्वेची मागणीही त्यांनी दिल्लीत लावून धरली. गाडी धावलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १७ जानेवारी १९७१ ला बेळगावात महाराष्ट्र-कर्नाटक सीमालढ्याच्या हुतात्म्यांना अभिवादन करणारे भाषण त्यांनी केले आणि त्याच रात्री त्यांचे हृदय थांबले. वय अवघे अठ्ठेचाळीस. मालवणचे सेवांगण आणि कुडाळची शिक्षणसंस्था आज त्यांचे नाव चालवतात.

मित्रहो, या किनाऱ्यावर आजही पारंपरिक मच्छीमार एलईडी दिव्यांच्या प्रकाशातील मासेमारीविरुद्ध दाद मागतो आहे. आंबोली, चौकुळ, गेळे इथल्या कबुलायतदार गावकर जमिनींच्या मालकीच्या प्रश्नात पिढ्या गेल्या. परिषद संपवून घरी जाल, तेव्हा आपापल्या तालुक्यातल्या अशा एका तरी माणसाचे वकीलपत्र फी न घेता स्वीकारा, ही माझी कळकळीची विनंती.