बर्फावरच्या मोटरसायकलचा पुढचा शॉकअप

मातीत पळणारी डर्टबाइक बर्फावर न्यायची तर तिचं मागचं चाक आणि स्विंगआर्म उतरवून तिथे दातेरी रबरी पट्ट्याचा सांगाडा बसवतात. पुढच्या चाकाच्या जागी येते एकच रुंद स्की. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या सँडपॉइंट गावच्या टिंबरस्लेड कंपनीने असे संच बनवून हा प्रकार नावारूपाला आणला. २०१५ मध्ये पोलारिसने ती कंपनी विकत घेतली आणि २०१७ मध्ये ॲस्पेनच्या एक्स गेम्समध्ये या गाड्यांची शर्यतही झाली. संचाबरोबर मागचं सगळं नवं येतं, पुढचे फोर्क, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या दोन नळ्या, मात्र मातीसाठी बनवलेले तेच राहतात. म्हणून पहिल्याच हिवाळ्यात बरेच चालक नव्या, महागड्या फोर्कची चौकशी सुरू करतात. माझं मत असं, की पैसे आधी आहेत त्याच फोर्कच्या पोटात घालावेत, म्हणजे स्प्रिंग, ऑइल आणि सील यांत. फोर्कची प्रत सहसा कमी पडत नाही. तो चुकीच्या कामासाठी जुळवलेला असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की बर्फ मऊ, मग शॉकअपची चिंता कशाला? ताजा भुसभुशीत बर्फ मऊ असतो हे खरं. पण वाऱ्याने घट्ट झालेल्या लाटा, दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेला थर आणि इतर गाड्यांनी पाडलेले उंचवटे दगडासारखे कडक असतात. शिवाय चाकाबरोबर एक गोष्ट नकळत निघून जाते, ती म्हणजे टायर. डर्टबाइकच्या टायरमध्ये जेमतेम बारा-तेरा पीएसआय हवा असते, आणि बारीकसारीक हादरे फोर्कपर्यंत पोचण्याआधीच तो पिऊन टाकतो. प्लॅस्टिकच्या स्कीला ते जमत नाही. त्यातच स्की बर्फ रेटत पुढे जाते, त्यामुळे फोर्कच्या नळ्यांवर मागच्या दिशेने सतत जोर येतो. वाकवणाऱ्या या जोरामुळे नळ्या आतल्या बुशवर घासतात आणि लहान धक्क्याला फोर्क हलतच नाही. म्हणजे सुरुवातीची हालचाल मातीतल्यापेक्षा हलकी हवी, आणि उडीनंतर आपटताना आधार मात्र जास्त हवा. ४५० सीसीच्या गाडीत फोर्कची हालचाल साधारण ३०० मिलिमीटर असते. स्प्रिंग मऊ पडली, की पुढचा भाग बसतो, स्कीचं नाक बर्फात घुसतं आणि हँडल जड होतं. ती फार कडक झाली, तर स्की वरवर तरंगते आणि वळणात पकड सुटते. म्हणून स्प्रिंग निवडताना चालकाचं वजन पाहावं, दुकानदाराची शिफारस नंतर. खात्री करायची रीत सोपी आहे. फोर्कच्या चकचकीत नळीला एक झिप टाय अडकवून सीलला टेकवावा आणि नेहमीच्या वाटेवर गाडी चालवून यावी. टाय किती खाली सरकला यावरून फोर्क किती दबला ते समजतं. उड्या न मारताच तो तळाला गेला असेल, तर स्प्रिंग मऊ आहे.

दुसरा आक्षेप हवेच्या, म्हणजे स्प्रिंगऐवजी दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या, फोर्कवाल्यांचा. पंपाने दाब वाढवला की काम झालं, असं ते म्हणतात. पण उबदार गॅरेजमध्ये वीस अंशांना दहा बार दाब भरला आणि गाडी उणे वीस अंशांत नेली, तर तोच दाब साडेआठच्या आसपास येतो. हा वायूचा नियम आहे, त्यातून सुटका नाही. हवेचे फोर्क ठेवायचेच असतील, तर गाडी बाहेर नीट गार होऊ द्यावी आणि मगच दाब मोजावा. लोखंडी स्प्रिंगला हा त्रास नाही, म्हणून बर्फासाठी मी तिच्याच बाजूचा आहे.

थंडीचा खरा घाव मात्र ऑइलवर बसतो. ते हिवाळ्यातल्या खोबरेलासारखं थिजत नसलं, तरी इतकं दाट होतं की दबलेला फोर्क वेळेवर वर येत नाही. पुढचा उंचवटा आला तरी तो अर्धा खालीच असतो, आणि चालकाला वाटतं स्प्रिंगच कडक झाली. त्यामुळे पातळ आणि थंडीतही फारसं दाट न होणारं ऑइल घालावं, आणि रिबाउंडचा, म्हणजे दबलेला फोर्क वर येण्याचा वेग ठरवणारा, स्क्रू आधी सैल करून पाहावा. एरवी कडक स्प्रिंगबरोबर रिबाउंड आवळतात, पण इथे ते आवळण्याचं काम थंड ऑइलने आधीच केलेलं असतं. सीलचंही तसंच. गरम गॅरेजमधून आलेल्या नळीवर बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो, आणि पुढच्याच दणक्याला तो खरखरीत थर सीलची कड कापतो. निओप्रीनचं आवरण हे टाळतं, फक्त रोज संध्याकाळी ते काढून नळी पुसायला हवी.

मग महागड्या फोर्कचा उपयोग नाहीच का? आहे. शर्यतीत उंच उड्या घेणाऱ्याला महागड्या फोर्कचा आणि त्यांच्या आतल्या व्हॉल्व्हची रचना बदलण्याचा खर्च परवडतो, कारण तिथे फोर्क सतत तळापर्यंत जातो. पण हौशी चालकाने तेच फोर्क मातीच्या स्प्रिंग आणि दाट ऑइलसह बसवले, तर वरचे सगळे दोष तसेच राहतील. उन्हाळ्यात गाडी पुन्हा मातीत उतरवताना सगळं उलट बदलावं लागेल, अशीही तक्रार असते. ती रास्त आहे. मात्र पुढची स्की काढून चाक चढवताना गाडी तशीही उघडलेली असते, आणि हिवाळाभर राबलेलं ऑइल तेव्हा बदलावंच लागतं. मातीच्या स्प्रिंग पुसून, तेल लावून, खूणचिठ्ठीसह जपून ठेवल्या तर हे काम एका दुपारचं.