उतारवयातील मिशन : लाकोरचे डॉक्टर दांपत्य

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामातील वडीलधाऱ्या दांपत्यांच्या सत्कारसमारंभात केलेले भाषण)



मिशनरी हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे पांढरा झगा घातलेला, परमुलखातून आलेला धर्मगुरू उभा राहतो, किंवा दवाखान्यात खपणारी धर्मभगिनी दिसू लागते. संसारी माणसाने मिशन रविवारी थैलीत आपल्या ऐपतीप्रमाणे दान टाकावे आणि घरी जावे, एवढ्यातच त्याचे मिशनकार्य संपले, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. हा मिशन रविवार अकरावे पायस पोप महाराज यांनी सन १९२६ मध्ये सुरू केला. तो केवळ वर्गणीचा दिवस व्हावा असा त्यांचा हेतू खास नव्हता.

प्रेषितांच्या काळाकडे पाहा. करिंथ शहरात संत पौलाला आपल्या घरी ठेवून घेणारे अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे नवरा-बायको होते. तंबू करण्याचा त्यांचा धंदा. पुढे इफिस येथे अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्याला जवळ बसवून प्रभूचा मार्ग अधिक नीट समजावून देण्याचे काम याच जोडप्याने केले. तेव्हा विवाहित माणसांचे मिशन ही काही नवी कल्पना नव्हे. ती ख्रिस्तसभेइतकीच जुनी आहे.

आज आम्ही आपणांस आपल्याच काळातील अशा एका दांपत्याची हकिगत सांगणार आहोत. आफ्रिका खंडात, विषुववृत्ताच्या थोडे उत्तरेस, युगांडा देशात गुलू नावाचे शहर आहे. तो अचोली लोकांचा मुलूख. शहराबाहेर काही मैलांवर लाकोर येथे कोंबोनी संघाच्या मिशनऱ्यांनी सन १९५९ मध्ये संत मेरीच्या नावाने एक लहानसे रुग्णालय उघडले. सन १९६१ मध्ये पिएरो कोर्ती नावाचे इटालियन डॉक्टर तेथे राहावयास आले. आपले वैद्यकीय ज्ञान गरीब देशात वेचावे, अशी त्यांची तळमळ होती. मात्र हाताशी शस्त्रवैद्य नव्हता. कॅनडातील माँट्रिअल येथे त्यांची ओळख ल्युसिल टीसडेल या तरुण शस्त्रवैद्य बाईंशी झाली होती. स्त्रियांनी हाती शस्त्र घेणे ज्या काळी दुर्मिळ, त्या काळी त्या या विद्येत निष्णात झाल्या होत्या. पिएरो यांनी त्यांना दोन महिन्यांकरिता बोलाविले आणि स्पष्ट सांगितले की वेतन मिळणार नाही. विमानाचे भाडे व सिगारेटचा खर्च तेवढा देऊ.

ल्युसिलबाई सन १९६१ च्या मे महिन्यात लाकोरला आल्या. दोन महिन्यांची मुदत संपली, पण मन तेथेच गुंतले. त्याच वर्षी ५ डिसेंबर रोजी रुग्णालयाच्या लहानशा प्रार्थनामंदिरात उभयतांचा विवाह झाला. दोन महिन्यांसाठी आलेली ती पाहुणी पुढे पस्तीस वर्षे त्या घरची झाली.

कामाची वाटणीही संसारासारखीच झाली. पिएरो यांनी इमारती उभ्या कराव्या, औषधे व यंत्रे आणावी, इटली आणि कॅनडातील स्नेह्यांपुढे झोळी पसरावी. ल्युसिलबाईंनी रुग्ण तपासावे व शस्त्रक्रिया कराव्या. त्यांनी आपल्या हातांनी तेरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांना कन्या झाली. तिचे नाव डोमिनिक. देशातील धामधुमीमुळे आईबापांना या एकुलत्या लेकीला शिक्षणासाठी दूर ठेवावे लागले. परक्यांच्या मुलांना वाचविणाऱ्या आईला स्वतःच्या मुलीचा विरह सोसावा लागला. मिशनकार्याची किंमत केवळ मिशनरीच देतो असे नाही. त्याचे घरही ती देते. ती कन्याही पुढे डॉक्टर झाली.

सन १९७१ ते १९७९ पर्यंत युगांडावर इदी अमीन याची जुलमी सत्ता होती. ती कोसळताना आणि त्यानंतरच्या यादवीत जखमी शिपायांच्या रांगा लाकोरच्या दारी लागल्या. गोळ्यांनी फुटलेली हाडे काढताना धारदार कडांनी शस्त्रवैद्याचे हातमोजे फाटत आणि बोटे कापली जात. अशाच एखाद्या जखमेतून एड्सचा रोग ल्युसिलबाईंच्या रक्तात शिरला. सन १९८५ मध्ये त्याचे निदान झाले. त्या वेळी त्यांचे वय छप्पन्न होते व त्या रोगावर औषध नव्हते. वैद्यांच्या हिशेबाने आयुष्य दोन-एक वर्षांचेच उरले होते.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबून विचार करा. अशा वेळी माणसाने माहेरी, आप्तांच्या कुशीत परत जावे, हे किती स्वाभाविक! कोणीही त्यांना दोष दिला नसता. परंतु या जोडप्याने लाकोर सोडले नाही. देवाने दोन वर्षांच्या जागी त्यांना अकरा वर्षे दिली. देह खंगत गेला, तरी अंगात त्राण होते तोवर बाईंनी रुग्ण पाहण्याचे व्रत सोडले नाही. आणि पिएरो? आपल्या हृदयाचा अर्धा भाग डोळ्यांदेखत झिजत आहे, हे जाणून ते रोज सकाळी कामास लागत. तरुणपणी एकत्र साहस करणे सोपे. परंतु म्हातारपणी, व्याधी घरात बसलेली असताना, एकमेकांचा हात धरून त्याच ठिकाणी टिकून राहणे, हे विवाहसंस्काराच्या कृपेवाचून साधत नाही, असे आमचे मत आहे.

ल्युसिलबाई १ ऑगस्ट १९९६ रोजी इटलीतील बेसाना येथे निवर्तल्या. त्यांचा देह लाकोरला आणून रुग्णालयाच्या आवारातच मातीआड करण्यात आला. पिएरो यांनी सन २००३ मध्ये २० एप्रिल रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, देह ठेविला. तेही पत्नीच्या शेजारीच विसावले आहेत.

परंतु या दांपत्याचे मोठेपण केवळ कष्टांत व मरणात नाही. कोंबोनी संघाचे संस्थापक संत डॅनियल कोंबोनी यांनी सन १८६४ मध्येच सांगून ठेविले होते की आफ्रिकेचे तारण आफ्रिकेच्या लेकरांच्या हातूनच घडविले पाहिजे. कोर्ती दांपत्याने हे तत्त्व मनोभावे पाळले. तरुण युगांडावासी डॉक्टर व परिचारिका यांना शिकवून तयार करणे, हे आपल्या कार्याचे अर्धे अंग त्यांनी मानिले. सन १९८३ मध्ये मॅथ्यू लुक्विया नावाचा अचोली तरुण तेथे शिकाऊ डॉक्टर म्हणून आला. त्याचे गुण ओळखून उभयतांनी त्याला आपल्यामागून कारभार सांभाळण्यास तयार केले. सन १९८९ च्या उत्तम शुक्रवारी बंडखोर रुग्णालयात शिरून धर्मभगिनींना पळवू लागले, तेव्हा या मॅथ्यूने त्यांच्याऐवजी स्वतःला हवाली केले. आठवडाभर बंडखोरांबरोबर रानोमाळ फिरून तो परत आला. सन २००० मध्ये गुलूत ईबोलाची साथ पसरली. ती ओळखण्यात तोच पुढे होता. सहकारी परिचारिका एकामागून एक मृत्यू पावत असताना त्याने रोग्यांची पाठ सोडली नाही, आणि अखेरीस ५ डिसेंबर २००० रोजी त्याच रोगाने तो गेला. तारीख ध्यानात घ्या : लाकोरच्या प्रार्थनामंदिरात विवाह झाला त्याच्या बरोबर एकोणचाळीस वर्षांनी. ल्युसिलबाईंच्या समाधीजवळच त्याची समाधी आहे.

ज्याच्या हाती सर्व सोपवावयाचे तोच हातचा गेला, हा वृद्ध पिएरो यांच्यावर केवढा आघात! तरीही बीज वाया गेले नाही. कारण शिष्य एकच तयार केला नव्हता, अनेक केले होते. ते रुग्णालय आज सुमारे पाचशे खाटांचे आहे आणि त्याचा कारभार युगांडाचेच लोक चालवीत आहेत. बंडाळीच्या दिवसांत सहस्रावधी बायामुलांना रात्री त्याच आवारात आसरा मिळाला.

आता ही हकिगत आम्ही आजच का सांगितली? आपल्यापैकी पुष्कळांची मुले परमुलखात गेली आहेत. घर मोठे आणि माणसे दोन, अशी स्थिती झाली आहे. आपले काम संपले, आता जपमाळ ओढीत बोलावण्याची वाट पाहावी, असे कित्येक वडीलधारी मंडळी आम्हांस बोलून दाखवितात. जपमाळ ओढाच, तिच्यावाचून काहीच नाही. परंतु काम संपले हे आम्ही मान्य करीत नाही. शेजारच्या आळीत अंथरुणाला खिळलेला रोगी आहे. लग्न होऊन वर्ष झाले नाही तोच एकमेकांचे तोंड न पाहणारी तरुण जोडपी आहेत. आई कामावर गेल्यामुळे ज्यांना प्रार्थना शिकविणारे कोणी नाही अशी मुले आहेत. या घरी धर्मगुरू एकटा गेला तर पाहुणा ठरतो. पन्नास वर्षे संसार केलेले जोडपे गेले तर घरचे ठरते. हे तुमचे युगांडा आहे, आणि तेथे जाण्यास विमानाचे भाडेही लागत नाही.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे, पण महोत्सवाच्या दिवशी गोडच बोलावे असा नियम नाही. आपल्या संस्थांत व मंडळांत वर्षानुवर्षे त्याच हातांत किल्ल्या आहेत. तरुणांना जमत नाही, अशी तक्रार आम्ही ऐकतो. त्यांना शेजारी बसवून शिकविले कोणी, हे मात्र कोणी सांगत नाही. धर्मगुरूही या दोषातून सुटलेले नाहीत. कोर्ती दांपत्याने स्वतः उभारलेले रुग्णालय दुसऱ्यांचे व्हावे म्हणून आयुष्यभर खटपट केली. जो आपल्यामागून येणाऱ्याला तयार करतो, त्याचेच काम त्याच्यामागे जगते. महोत्सवाचे दीप उद्या विझतील. तत्पूर्वी प्रत्येक वडीलधाऱ्याने एका तरुणाचा हात धरून त्याला एक काम सोपवावे, एवढीच भेट हा धर्मग्राम आपल्याकडे मागत आहे.

पवित्र कुटुंबाच्या छायेत आपली सर्व दांपत्ये सुखरूप राहोत, आणि आयुष्याची संध्याकाळही प्रभूच्या मळ्यातच जावो, अशी प्रार्थना करून आम्ही हे भाषण पुरे करितो.