घरचे राजकारण सातबाऱ्यावर

(दोडामार्ग येथील बैठकीत दोघा ज्येष्ठ सभासदांनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही दोघे नवराबायको तुमच्यापुढे उभे आहोत. तोंड एकाचे असले तरी बोलणे दोघांचे आहे. आम्हाला विषय दिला आहे 'आजचे राजकारण'. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही आपली आमच्या घरची खबर सांगतो, राजकारण त्यातच येईल.

थोरला मुलगा मुंबईला नोकरीत, विरारला त्याचे बिऱ्हाड. धाकटा गावात, काजू आणि थोडी माडा-पोफळीची बाग बघतो. थोरली लेक १९९२ साली डिचोलीला दिली, धाकटी १९९८ साली बांद्याला. धाकट्याची मुलगी, म्हणजे आमची नात, रोज हद्द ओलांडून गोव्यात कारखान्यात कामाला जाते. दोडामार्गात असे घर नवीन नाही. चूल महाराष्ट्रात, पगार गोव्यात आणि मनीऑर्डरची आठवण मुंबईची.

चवथीला सगळी जमली की घरात तीन पक्ष होतात. थोरला एका झेंड्याचा, धाकटा दुसऱ्या, जावईबापू तिसऱ्या. दिल्लीत कोण बसावा आणि मुंबईत कोण पडावा यावर मध्यरात्रीपर्यंत वाद. आम्ही ऐकत बसतो. पण एका गोष्टीवर तिन्ही पक्ष गप्प असतात. ती गोष्ट म्हणजे आपल्याच घरचा सातबारा.

आता काजूचे बघा. २०२३ साली गोवा सरकारने काजू बीला किलोमागे १५० रुपये आधारभाव ठरवला. बाजारात भाव कमी मिळाला तर वरचा फरक नोंदणी असलेल्या शेतकऱ्याला सरकार देते. डिचोलीच्या लेकीच्या घरी तो फरक मिळतो. आमची झाडे तीच, माती तीच, पाऊस तोच, पण आम्ही हद्दीच्या अलीकडे. ओरड झाली, तेव्हा २०२४ च्या हंगामासाठी महाराष्ट्र सरकारने किलोला १० रुपये अनुदान जाहीर केले, तेही जास्तीत जास्त २,००० किलोपर्यंत. हे पुरेसे नाही, हे आम्ही इथे मोठ्याने सांगतो. घामाचे दाम मागायचे ते भीक म्हणून नव्हे.

पण ते १० रुपये मिळवायला गेलेल्या माणसाला पहिला कागद कोणता मागितला? सातबारा. त्यावर काजूची नोंद आहे का? नाव कोणाचे? ज्यांच्या सातबाऱ्यावर अजून आजोबा-पणजोबा जिवंत आहेत, ज्यांच्या एका गटात वीस-वीस सहहिस्सेदार आहेत आणि निम्मे मुंबईत, त्यांनी काय करावे? २००२ सालापासून या भागात हत्ती येतात. माड मोडतात, केळी-पोफळी तुडवतात. पंचनाम्याला माणूस येतो आणि तोही विचारतो, नाव कोणाचे? झाड लावले एकाने, राखले दुसऱ्याने, नाव भलत्याचेच. नुकसान झाल्यावर रडायचे कोणी, हे ठरलेले असते. भरपाई घ्यायची कोणी, हे ठरलेले नसते.

म्हणून आम्ही म्हणतो, शेतकऱ्याचे रोजचे राजकारण विधानसभेत नंतर सुरू होते. आधी ते फेरफारात सुरू होते.

आता घरची खरी खबर. मागच्या वर्षी एक दलाल थोरल्याला विरारला जाऊन भेटला. आमच्याकडे आला नाही. या तालुक्यात बाहेरच्यांनी डोंगरच्या डोंगर घेतले, जंगल तोडून रबर लावले, हे तुम्ही रोज बघता. दलालाने भाव चांगला सांगितला आणि अट घातली : आधी बहिणींची हक्कसोड घ्या, कागद साफ करा. थोरल्याचा फोन आला की दोघींना सहीला बोलवा, साडी-चोळी करू.

यावर घरात बोलणे झाले. नातीने विचारले, 'आजये, जमनीत तुजा नाव खंय आसा?' पन्नास वर्षे कुणग्यात लावणी केली, काजूची बोंडे पिळली, पण नाव नाही. २०२४ साली सरकारने लाडक्या बहिणीला महिन्याला १५०० रुपये सुरू केले. आनंद आहे. गरिबाच्या घरात पंधराशेला किंमत असते. पण जो भाऊ ते पैसे आले म्हणून टाळ्या वाजवतो, तोच भाऊ बहिणीपुढे हक्कसोडीचा कागद सरकवतो. मग बहीण लाडकी कोणाची? सरकारची की कागदाची?

कायदा काय सांगतो ते ऐका. १९९४ साली महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क दिला, पण त्या वर्षी २२ जूनच्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. म्हणजे आमची धाकटी आत, थोरली बाहेर! एकाच आईच्या दोन लेकींत कायद्याने गडगा घातला. २००५ साली केंद्राने कायदा बदलला, तो गडगा पडला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलीचा हा हक्क जन्माने आहे. आणखी एक. वडील मृत्युपत्र न करता गेले आणि वारसांपैकी एकाने आपला हिस्सा विकायला काढला, तर तो घेण्याचा पहिला हक्क बाकीच्या वारसांचा आहे. हे शेतजमिनीलाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटले. दलाल हे सांगणार नाही. सांगायचे आपण एकमेकांना.

आम्ही दोघांनी ठरवले, डोळे मिटायच्या आत वाटप करायचे. सहा हिस्से : आम्हा दोघांचे दोन, मुलांचे दोन, लेकींचे दोन. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे सगळ्यांची संमती असली तर तहसीलदारांकडे वाटप होते. २०२५ साली राज्याच्या मंत्रिमंडळाने शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करायचेही ठरवले. १९९९ पर्यंत तहसीलच्या कामाला सावंतवाडी गाठावी लागे. आता कचेरी आपल्या दारात आहे. अडते ते कचेरीत नाही, घरात.

आमचेही अडले आहे. धाकट्याने होकार दिला, जरा खाली बघून दिला, पण दिला. लेकी म्हणाल्या, 'आम्ही विकणार नाही, भाऊ कसतो आहे तो कसू दे. पण नाव हवे.' थोरल्याची सही अजून झालेली नाही. तो वाईट मुलगा नाही. विरारच्या खोलीचे कर्ज डोक्यावर आहे आणि गावच्या काजूला भाव नाही. काजूला नीट भाव असता तर त्याने दलालाला दारात उभे केले असते का? बघा, घरातले भांडण फिरून भावापाशीच येते. म्हणून दोन्ही लढाया एकत्र लढायच्या आहेत. सरकारकडून भाव घ्यायचा आणि घरात नाव द्यायचे. एक सोडून दुसरी जिंकता येणार नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीला प्रत्येकाने घरचा सातबारा आणि आठ-अ बरोबर आणावा. मेलेल्यांची नावे किती, काजूची नोंद आहे की नाही, बायकोचे-बहिणीचे नाव कुठे आहे, हे चौघांत वाचू. ज्याला वाचता येत नाही त्याला नातवंडे वाचून दाखवतील. येत्या ग्रामसभेत वारसनोंदीचा विषय लेखी द्या आणि पोच घ्या. बायकांनी घरी बसू नये, पुढे बसावे.

थोरल्याला आम्ही सांगून ठेवले आहे : मे महिन्यात काजूला ये, आंबे खा आणि सही कर. दलालाला उत्तर आम्ही देऊ.