चौंडी, महेश्वर आणि आपलं कोपरगाव

श्रीरामपूरहून रेल्वेनं मनमाडकडे निघालात की पुणतांब्यानंतर कोपरगाव येतं. इथं गोदाकाठी राघोबादादा पेशव्यांनी अखेरचे दिवस काढले. १७८३ मध्ये ते इथंच वारले. याच राघोबादादांना एका बाईनं युद्धाविना माघारी लावलं होतं. त्या अहिल्याबाई होळकर.

जन्म १७२५ चा, आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, वर्षभरात मुलगा मालेरावही. दिवाण गंगाधर यशवंतांनी होळकरांची दौलत बळकावण्याचा डाव मांडला आणि राघोबादादा फौजेसह उज्जैनपर्यंत आले. बाईंनी लढायची तयारी ठेवली, इतर सरदारांना पत्रं धाडली आणि बजावलं, की बाईमाणसाशी लढून जिंकलात तरी नाव होणार नाही. दादा सांत्वनाला आल्याचं सांगून परतले. मला ही मुत्सद्देगिरी त्यांनी बांधलेल्या देवळांइतकीच मोलाची वाटते.

पुढं २८ वर्षं त्यांनी नर्मदाकाठच्या महेश्वरातून कारभार केला. तिथला किल्ला, घाट आणि मागावरची माहेश्वरी साडी आजही आहे. काशी विश्वेश्वराचं मंदिर त्यांनी १७८० च्या सुमारास पुन्हा उभारलं. दूर अमेरिकेत १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा बाईंच्या कारभाराला दोन तपं होत आली होती. वॉशिंग्टन यांचं माउंट व्हर्ननचं घर तिकडच्या शाळांची मुलं सहलीनं पाहतात. आपल्या मुलांना चौंडीची गढी दाखवा, आणि परतल्यावर कोपरगावचा राघोबादादांचा वाडाही.