कॅमेरा, खाकी वर्दी आणि लेखी आदेश



बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा ती वार्ता सर्वदूर नेली ती छायाचित्रांनी. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची दखल घेतली, नमुने तपासले गेले आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेने स्पष्ट केले. उद्या त्याच काठावर एखाद्या शिपायाने 'सुरक्षेचा प्रश्न आहे, काढलेले फोटो पुसून टाका' असे फर्मावले, तर छायाचित्रकाराने काय करावे?

केवळ कलावंताच्या स्वातंत्र्याचा उद्घोष करून या प्रश्नातून सुटका होत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यापूर्वी डेव्हिड हेडली मुंबईत वारंवार आला आणि ताज हॉटेलसह अनेक ठिकाणांचे चित्रीकरण करून गेला. पोलिसांच्या संशयाला आधार आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मात्र ताजसमोर रोज शेकडो माणसे छायाचित्रे काढतात. हेडलीचे वेगळेपण कॅमेऱ्यात नव्हते. दाऊद गिलानी हे मूळ नाव बदलून घेतलेल्या पारपत्रात आणि सीमेपलीकडील संबंधांत होते. शंभर निरपराध पर्यटकांना हटकून असा माणूस हाती लागत नसतो.

कायदा काय सांगतो? १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमात 'निषिद्ध स्थान' कोणते, याची व्याख्या दिलेली आहे. वर्धा येथील पोलीस ठाण्यात चित्रीकरण केले म्हणून एका नागरिकावर याच कायद्याखाली गुन्हा नोंदविला गेला होता. नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये तो रद्द केला. पोलीस ठाणे त्या व्याख्येत बसत नाही, असा निर्वाळा दिला. बुलडाणा जिल्हा याच खंडपीठाच्या कक्षेत येतो, हे येथील छायाचित्रकारांनी विसरू नये. जेथे ठाणेच निषिद्ध नाही, तेथे बसस्थानक किंवा आठवडी बाजार केवळ तोंडी हुकमाने निषिद्ध कसा होईल?

निर्बंध घालता येतात, पण त्यांची रीत आहे. १ जून २००६ रोजी नागपूरच्या महाल भागातील संघ मुख्यालयावर हल्ल्याचा प्रयत्न झाला आणि तिन्ही दहशतवादी मारले गेले. पुढे २०२४ च्या जानेवारीअखेर नागपूर पोलिसांनी त्या परिसरात छायाचित्रण व ड्रोन यांवर बंदी घातली, ती कलम १४४ खालील जाहीर आदेशाने, ठरावीक परिसरापुरती आणि २८ मार्चपर्यंतची मुदत घालून. आपल्या श्रद्धेच्या वास्तूसाठी जर लेखी आदेश लागतो, तर खेड्यापाड्यातल्या लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्या तरुणाला अडवतानाही तो लागलाच पाहिजे.

लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासारख्या केंद्रसंरक्षित स्मारकांच्या परिसरात छायाचित्रणाला पुरातत्त्व विभागाने २०१८ मध्ये, तीन अपवाद वगळता, मुभा दिली. देवस्थानाच्या व्यवस्थापनाने मंदिरात मनाई केली असेल तर ती पाळणे हा भाविकाचा शिष्टाचार. तो पोलिसी अधिकाराचा विषय नव्हे. स्त्रियांचे खासगी क्षण किंवा अत्याचारग्रस्त बालकाची ओळख टिपून प्रसिद्ध करणाऱ्यास मात्र कोणतेही स्वातंत्र्य वाचवू शकत नाही, वाचवूही नये.

उरला प्रश्न फोटो पुसण्याचा. छायाचित्र गुन्ह्याचा पुरावा असेल तर ते पुसणे म्हणजे पुरावा नष्ट करणे. नसेल तर पुसायचे कशासाठी? जागच्या जागी असा हुकूम देण्याचा अधिकार जप्तीच्या तरतुदीत नाही. गुन्ह्याचा संशय असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ नुसार कॅमेरा जप्त करता येतो, पण त्याचा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे जावा लागतो. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक आहे, तेही शक्यतो मोबाईलवर. छायाचित्रकाराचा कॅमेरा ताब्यात घेताना पोलिसांना स्वतःचा कॅमेरा सुरू ठेवावा लागतो.