तळघरातले खांब
(जीर्णोद्धार समारंभात केलेले भाषण)



माझा जन्म बांधकामावर ओव्हरसियरकी करण्यात गेला. भाषणाची सवय नाही. परंतु पारावर एक प्रश्न वारंवार विचारला गेला, त्याचे उत्तर देणे माझ्याकडे लागते. प्रश्न असा की, आम्ही वर्गणी कळसाला दिली, मग पैसा तळघरात का पुरला?

आपल्या सभामंडपाची जमीन तळघरातील मधल्या सागवानी खांबांवर उभी होती. त्यांचे बूड ओलीने व वाळवीने पोखरले होते. शिवाय पंगत बसली की वाढप्याला खांब आडवे येत. तेव्हा खांब काढून भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी गर्डर टाकावेत, असे ठरले. ऐकायला सोपे वाटते.

आपल्या पूर्वजांनी खांब हौसेने लावले नव्हते. लोणारचे दैत्यसूदनाचे मंदिर आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तिथे मंडपात खांब जवळजवळ का? दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. लांब दगडी तुळई खालच्या अंगाने तडकते. म्हणून अंतर बेताचे ठेवावे लागे. लाकूड ताण सोसते, पण तेही लांबीला वाकते. 10 फुटांचा गाळा 20 फुटांचा केला, तर फुटामागे भार तोच असूनही तुळई मोडू पाहणारा जोर चौपट होतो आणि तीच तुळई ठेवली तर तिचा झोल सोळापट! म्हणून नवी तुळई नुसती लांब असून भागत नाही, ती उंचीलाही मोठी लागते. उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट वाढतो. वरची फरशी तडकू नये म्हणून 20 फुटांत पाऊण इंचाचाही झोल आपण चालू दिला नाही.

त्यातून हे घर नव्हे, देऊळ आहे. राहत्या घराच्या जमिनीला चौरस मीटरला 200 किलो भार धरतात; जिथे गर्दी उभी राहते तिथे 500 किलो. काल्याच्या दिवशी आपला मंडप कसा भरतो, ते मी सांगायला नको.

आता पैशाची गोष्ट. खांब निघाला म्हणजे भार निघाला, असे होत नाही. दोन तुळया मधल्या खांबावर टेकल्या होत्या तेव्हा निम्मा भार खांब घेत होता आणि दोन्ही भिंतींवर पाव-पाव पडत होता. खांब काढल्यावर प्रत्येक भिंतीवर निम्मा, म्हणजे दुप्पट. आणि आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते.

इथे माझीच एक चूक सांगतो. उमेदीच्या काळात एका गावी वाड्याचा मधला खांब मी काढवला आणि गर्डर थेट मातीच्या भिंतीवर टेकवला. गर्डर उत्तम होता. एका पावसाळ्यात त्याच्या टोकाखाली भिंत फाटली. माणसे बाहेर होती म्हणून वाचली. त्या घरच्या म्हातारीने मला एक शब्दही लावला नाही, उलट चहा दिला. तो चहा अजून घशाखाली उतरत नाही.

म्हणून इथे आधी भिंतींचे पाये उकरून रुंद केले, गर्डरच्या टोकांखाली काँक्रीटच्या उशा बसवल्या. मग तात्पुरते टेकू देऊन, जॅकने जमीन किंचित उचलून, एकेक खांब सोडवला. घाई अजिबात केली नाही. त्यावरून गवंडी आणि सुतार माझ्यावर चिडलेही. कळसाचे काम लांबले ते यामुळे. त्याचा दोष माझ्याकडे.

खांबांचे बूड तेवढे कुजले होते, वरचे सागवान खणखणीत निघाले. खांब दान देणाऱ्यांच्या नातवंडांना वाईट वाटणे साहजिक होते. त्या लाकडाची पालखीची बैठक केली आहे.

दोन विनंत्या. पहिली, देवळाचे पावसाचे पाणी पायाशी मुरू देऊ नका. पन्हाळीचे तोंड भिंतीपासून दूर ठेवा. दुसरी, गर्डरच्या टोकांशी भिंतीवर मी चुन्याचे लहान पट्टे ओढले आहेत. रंग देताना ते कृपा करून झाकू नका. त्यांवर बारीक चीर दिसली तर त्याच दिवशी विश्वस्तांना कळवा. आज प्रसाद घ्यायला खाली उतराल, तेव्हा ते पट्टे पाहून ठेवा.