हातची भेट

(आपल्या समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात धुळे येथे दिलेले भाषण)



आपल्या कार्यकारी मंडळाने आज मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकीत शिरलो, आणि धुळे जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांतून मुलांना अक्षरे गिरवायला शिकविता शिकविता निवृत्त झालो. तेव्हा वेदान्तावर अथवा राजकारणावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. ज्या गोष्टीशी माझा उभा जन्म संबंध आला, आणि जिच्या बाबतीत माझ्या हातून एक मोठी चूकही घडली, अशा एका साध्या विषयावर मी बोलणार आहे. तो विषय म्हणजे सणावारी व घरच्या मंगल कार्यात आपण एकमेकांना देतो त्या भेटवस्तू, आणि त्या आपल्या हाताने करण्याची चाल.

आपल्या खानदेशाचे वर्ष डोळ्यांपुढे आणा. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, तेव्हा गौराईची मांडणी बाजारातून येत नसे. टोपलीत माती घालून गहू पेरण्यापासून गौराई सजविण्यापर्यंत सारे लेकीबाळीच करीत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे, नाक, नथ लावून देवीचे रूप देणे ही घरातल्या जाणत्या बाईची कला. पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ आणि बेगड लावावयाचे, गळ्यात घालावयाचे गोंडे वळावयाचे, झूल शिवावयाची, हे काम घरधन्याचे आणि सालदाराचे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, म्हणजेच कोठे कोठे गुलाबाई, घरोघर बसे. तिच्या खाऊचा डबा हलवून ‘ओळखा पाहू’ म्हणणाऱ्या मुलींना ठाऊक असे की, आत काहीही असले तरी ते कोणाच्या तरी आईने त्याच दिवशी केलेले आहे. दिवाळीचा आकाशकंदील बांबूच्या कामट्यांचा असे. कामट्या सुताने बांधून त्यांवर कणकेच्या खळीने पतंगाचा कागद चिकटवीत. खळीला कीड लागू नये म्हणून वडीलमाणसे तीत चिमूटभर मोरचूद घालीत, मात्र ते विष असल्यामुळे मुलांच्या हाती देत नसत.

कागदाचेच पाहा. आज आपल्या जिल्ह्यांची नावे कापूस, केळी आणि सोने यांसाठी घेतली जातात. परंतु एरंडोल आणि यावल ही आपली गावे एके काळी हाताने केलेल्या देशी कागदासाठी प्रसिद्ध होती, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. आपल्याच धुळे शहरात समर्थ वाग्देवता मंदिर आहे. तेथे शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव फिरून जमविलेली जुनी हस्तलिखिते सांभाळून ठेविली आहेत. ती पाहताना मला नेहमी वाटते की, कोणा अनामिक माणसाने एकेक ओवी उतरून काढून पुढच्या पिढीला दिलेली ही हातची भेटच होय.

आता या सर्वांत जिला मी शिरोमणी मानतो, त्या वस्तूविषयी थोडे विस्ताराने सांगतो. ती म्हणजे संक्रांतीचे हलव्याचे दागिने. नव्या सुनेची पहिली संक्रांत आली म्हणजे तिला काळी साडी नेसवून हे दागिने घालतात. बाळाची पहिली संक्रांत असेल तर त्याचे बोरनहाण करतात, म्हणजे त्याला हे दागिने घालून पाटावर बसवितात आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे व हलवा ओततात. हलवा करणे हे धीराचे काम आहे. मंद आचेवर परात ठेवावयाची, तीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यावयाचा, आणि चमचा-चमचा साखरेचा पाक घालीत तो बोटांच्या टोकांनी सारखा फिरवीत राहावयाचा. एक थर वाळल्यावाचून दुसरा घालता येत नाही. आच वाढली की पाक पिवळा पडतो, हवा दमट असली की दाणा चिकटतो. पौषातील कोरडी थंडीच त्याला मानवते. असे कित्येक दिवस बसावे तेव्हा कोठे दाण्याला पांढराशुभ्र काटा येतो. मग ते दाणे सुईदोऱ्याने ओवून अगर पुठ्ठ्यावर चिकटवून हार, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ आणि बिंदी करावयाची. मंगळसूत्रात काळ्या मण्यांच्या जागी कोणी लवंगाही ओवतात.

सुवर्णनगरी म्हणून नावाजलेले जळगाव येथून फार लांब नाही. सोन्याचा दागिना मोडला तरी त्याचे मोल उरते. साखरेचा दागिना मात्र दोन-चार दिवसांत पाझरतो, त्याला मुंग्या लागतात, आणि शेवटी पोरे तो खाऊन टाकतात. मग आपल्या आजीपणजींनी त्यापायी इतक्या रात्री का घालविल्या? कारण त्यांना सुनेला धन द्यावयाचे नव्हते. ‘तू या घरात आलीस त्याचा आम्हाला आनंद आहे, आणि तुझ्यासाठी आम्ही बसलो होतो,’ एवढेच सांगावयाचे होते.

छापील भेटकार्डाची हकीकतही येथे आठवते. इंग्लंडात हेन्री कोल या गृहस्थांना नाताळात आलेल्या असंख्य पत्रांना उत्तरे लिहिण्यास सवड होईना. म्हणून त्यांनी १८४३ साली हॉर्स्ली नावाच्या चित्रकाराकडून एक चित्र काढवून त्याच्या सुमारे १००० प्रती छापून घेतल्या. पहिले छापील नाताळकार्ड म्हणून तेच ओळखले जाते. म्हणजे ते जन्मास आले तेच मुळी लिहावयास उसंत नाही म्हणून. आज तर तेही मागे पडले. दसऱ्याच्या सकाळी मोबाइलवर सोन्याच्या पानांचे एकच चित्र मला वीस घरांतून येते, आणि मीही तेच एकविसाव्या घरी पाठवितो. यात कोणाचा दुष्टपणा नाही. फक्त देणाऱ्याचा हात त्या वस्तूला लागलेला नसतो.

आता माझी चूक सांगतो. ती चारचौघांत सांगताना संकोच वाटतो, पण सांगितल्यावाचून माझ्या बोलण्याला अर्थ नाही.

२००९ साली माझ्या थोरल्या मुलीचे लग्न ठरले. माझी मोठी बहीण, म्हणजे मुलांची फुई, खेड्यात राहते. तिने दोन महिने आधीपासून रुखवताची तयारी चालविली. जुन्या मऊ लुगड्यांची गोधडी, मण्यांचे तोरण, लोकरीचे रुमाल, भरतकामाचा बटवा, दोन्ही घरांची नावे भरलेला एक रुमाल, अशा १४ वस्तू तिने केल्या. इकडे मला काय बुद्धी झाली पाहा. वरपक्ष शहरातला, चार प्रतिष्ठित मंडळी येणार, तेव्हा आपले रुखवत खेडवळ दिसू नये, म्हणून मी एका दुकानातून २२ हजार रुपयांचे तयार रुखवत आणविले. त्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले. कार्यालयात मेजावर चकचकीत वस्तूंची आरास झाली, आणि फुईच्या १४ वस्तू जागा नाही म्हणून मेजाखाली एका पिशवीत राहिल्या. बहिणीने ते पाहिले. ती काही बोलली नाही. जेवण होताच ‘गाडी चुकेल’ म्हणून निघून गेली. मी शाळेत चाळीस-चाळीस मुलांना कागदाची फुले करावयास शिकविणारा मास्तर, आणि माझ्याच घरी मी हे केले!

पुढे काय झाले ते ऐका. विकतच्या रुखवतातील वस्तूंपैकी वर्षाभरात एकही शिल्लक राहिली नाही. काही फुटल्या, काही धूळ खाऊन फेकल्या गेल्या. कर्जाचे हप्ते मात्र मी पाच वर्षे भरीत होतो. ती पिशवी मुलीने सासरी नेली होती. नात झाली तेव्हा मी बघावयास गेलो, तर बाळ फुईच्या गोधडीत निजले होते. मुलीच्या सासूबाई म्हणाल्या, “मास्तर, असे धावदोऱ्याचे टाके आता कोण घालतो? ज्यांनी घातले त्यांना आमचा नमस्कार सांगा.”

तो नमस्कार घेऊन मी तसाच बहिणीच्या गावी गेलो आणि तिची क्षमा मागितली. ती हसून म्हणाली, “ऱ्हाऊ दे रे भाऊ, पोर सुखी ऱ्हावो.” मग तिने आपला डबा पुढे केला. तिला आता सुईचे नाक दिसत नाही. मी तिच्याजवळ बसून दहा सुयांत दोरा ओवून दिला. घरच्या कोणासाठी मी स्वतःच्या हाताने केलेले ते पहिलेच काम, हे सांगताना माझी मान खाली जाते.

बंधुभगिनींनो, यावरून ‘बाजार वाईट, जुने ते सारे चांगले’ असा सोपा निष्कर्ष मी काढीत नाही. रुखवत म्हणजे मुळात लग्नाच्या वेळी वधूपक्षाकडून वराकडे जाणारा फराळ. त्याची पुढे प्रदर्शनी मांडणी झाली, आणि प्रदर्शन आले की चढाओढ आली. हाताने केलेले रुखवतही मुलीच्या आईचे डोळे आणि झोप घेणारे झाले, तर ते विकतच्याइतकेच जाचक होय. हुंडा घेणे व देणे हा तर १९६१ च्या कायद्यानेच गुन्हा ठरला आहे. रुखवताच्या नावाखाली वस्तूंची यादी पाठविणे ही त्याचीच चोरवाट. आणखी असे की, आज आपल्या पुष्कळ भगिनी नोकरी करतात. त्यांनी कचेरीतून येऊन रात्रभर हलवा फिरवावा असे म्हणण्याचा मला काय अधिकार? हलव्याचे दागिने करून त्यांवर संसार चालविणाऱ्या भगिनीही गावोगाव आहेत. त्यांच्याकडून ते विकत घेतले तर त्या कष्टाळू हातांना मानच मिळतो. मात्र त्यांतला एक हार तरी घरच्या माणसाने ओवावा.

आणि ‘घरच्या माणसाने’ म्हणताना मी पुरुषांना वगळीत नाही. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे तेथील छात्रालयातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. आपल्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, तीही गुरुजींनीच बसून लिहून घेतली, म्हणून ती आज घरोघर वाचावयास मिळतात. त्या हाताला मुलांसाठी लेखणी झिजविण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्याच हाताला सुईदोरा, कात्री आणि खळ यांचे वावडे का असावे?

म्हणून शेवटी मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवितो. पहिली, समाजाच्या विवाहसमारंभात रुखवत मांडावयाचे असल्यास ते पाचच वस्तूंचे असावे, त्या घरच्या अगर आप्तांच्या हातच्या असाव्यात, आणि प्रत्येकीजवळ करणाऱ्याचे नाव लिहिलेले असावे. दुसरी, वरपक्षानेही आपल्या हाताची एक वस्तू वधूसाठी आणावी, मग ती वराने स्वतः लिहिलेले पत्र का असेना. तिसरी, पुढील संक्रांतीस मंडळाच्या सभागृहात ज्या सुनांची व बाळांची पहिली संक्रांत असेल त्यांच्यासाठी सर्वांनी मिळून दागिने ओवावेत, आणि त्या कामाला मुली व मुलगे दोघांनाही बसवावे. सुया ओवून देण्याचे काम मजकडे द्यावे.

अशा वस्तू वेड्यावाकड्या होतील. माझ्या विद्यार्थ्यांची शुभेच्छापत्रेही वाकडीच असत. कोठे शाईचा डाग, कोठे काना सुटलेला. पण ती आईच्या हाती पडल्यावर तिने शुद्धलेखन तपासल्याचे मला आठवत नाही. आपल्या मुलीला देतेवेळी वस्तू किती रुपयांची दिसते याची काळजी मी केली. तुम्ही करू नका, एवढेच कळकळीचे सांगणे आहे.